हस्तकला बाजार आणि शहरातला समुद्रकिनारा: एकाच सुट्टीत दोन्ही कसं जमवायचं

काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी हस्तकला बाजारातून मातीचे दोन वाडगे आणि निळीत रंगवलेली एक ओढणी घेतली आणि ती पिशवी काखोटीला मारून थेट किनाऱ्यावर गेले. आदल्या रविवारी संध्याकाळी सहाला समुद्र पार लांब गेलेला पाहिला होता. म्हणजे आज दुपारी अडीचला पाणी मागे सरकत असणार, असा माझा हिशोब. पिशवी कोरड्या वाळूवर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर चपला ठेवल्या आणि आम्ही दूरवर चालायला गेलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा एक चप्पल तरंगत होती आणि पिशवी निम्मी पाण्यात होती. ओढणीचा निळा रंग शेजारच्या पांढऱ्या टॉवेलने पिऊन टाकला होता. वाडगे फुटले नव्हते, पण त्यांचं जे झालं ते पुढे सांगते.

त्या दिवसापासून ही सहल मी उलट्या टोकाने आखते. आधी समुद्राची वेळ, मग बाजाराची, आणि शेवटी आपली सोय. बाजार तासभर इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. समुद्र मात्र कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक

माझा हिशोब कुठे चुकला ते समजून घेतलं की अर्धं काम होतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी. त्यामुळे आज ज्या वेळी ओहोटी आहे, उद्या ती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आता सात दिवसांचा गुणाकार करा: ५० गुणिले ७, म्हणजे ३५० मिनिटं, जवळजवळ सहा तास. आणि ओहोटीपासून भरतीपर्यंतचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणजे मागच्या रविवारी सहाला ओहोटी असेल, तर या रविवारी सहाच्या सुमारास भरती! सुट्टीच्या दिवशीच समुद्रावर जाणाऱ्या माणसाला हे गणित हमखास फसवतं, कारण तो नेमका सात दिवसांनी जातो. पंधरा दिवसांनी गेलात तर पुन्हा जवळजवळ तीच वेळ मिळते. एक आड एक रविवार सारखा, असं मी लक्षात ठेवते.

अर्थात हा अंदाज झाला. त्या बंदराचं अधिकृत वेळापत्रक किंवा भरतीचं अॅप उघडून नक्की वेळ पाहायचीच. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते, आणि भूमध्य किंवा बाल्टिकसारख्या समुद्रांत पाणी फारसं चढत-उतरतच नाही. तिथे हा भाग सोडून पुढे जा.

वेळापत्रकात दोन गोष्टी बघायच्या. पहिली वेळ, दुसरी उंची. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे, बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांत, उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला किनारा नेहमीपेक्षा रुंद होतो, पण तोच किनारा भरतीला पायऱ्यांपर्यंत गायब झालेला असू शकतो.

शिवाय पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. जुन्या खलाशांचा बारा भागांचा ठोकताळा आहे: पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून मोकळं होतं. माझी पिशवी बरोबर त्या मधल्या दोन तासांत वाळूवर होती. ओहोटी बाराला, भरती सहाला, आणि मी अडीचला निर्धास्तपणे फिरायला निघालेली.

चालायला, शिंपले बघायला, मुलांना खेळायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटीच्या आधीचे दोन तास. तुम्ही असेपर्यंत पाणी मागे मागे जातं, वाळू वाढत जाते आणि पाणी उलटायच्या सुमारास तुम्ही आवरायला घेता.

बाजार आधी की किनारा आधी?

उत्तर वेळापत्रकातच आहे. ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला असेल, तर बाजार सकाळी, मग विश्रांती, आणि साडेतीनच्या पुढे किनारा. ओहोटी सकाळी नऊ-दहाला असेल, तर उजाडताच किनारा, मग अंघोळ-कपडे आणि अकराच्या पुढे बाजार. मला स्वतःला हा दुसरा क्रम जास्त आवडतो, कारण विकत घेतलेली वस्तू वाळूवर नेण्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण एकच: किनाऱ्यावर दमून आल्यावर बाजारात घाई होते आणि घाईत घेतलेल्या वस्तू घरी आल्यावर डोळ्यांत खुपतात.

ओहोटी भर दुपारी एकला असेल, तर त्या दिवशी वाळूवर जायचा हट्ट सोडा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अतिनील किरणांचा मारा सर्वांत जास्त असतो. अशा दिवशी पूर्ण वेळ बाजाराला द्यावा आणि संध्याकाळी बंधाऱ्यावर बसून नुसता समुद्र पाहावा. तेही वाईट नाही.

आणि शनिवार की रविवार? बाजार दोन्ही दिवस असेल तर शनिवारी सकाळी निवड जास्त असते. रविवारी संध्याकाळी कारागीर आवराआवरीच्या घाईत असतात. तेव्हा भाव थोडे उतरतात हे खरं, पण चांगला माल गेलेला असतो आणि बोलायला कुणाला उसंत नसते.

दोन पिशव्या, आणि त्यांची सरमिसळ नाही

एक पिशवी बाजाराची, एक समुद्राची. बाजाराच्या पिशवीत: जुनी वर्तमानपत्रं, एक-दोन मऊ जुने पंचे (मातीची भांडी गुंडाळायला याहून चांगलं काही नाही), मापाची टेप, एक पांढरा सुती रुमाल, बोटाच्या पेराएवढं लोहचुंबक आणि सुटे पैसे. टेप कशाला ते घरी जाऊन कोनाड्यात न मावणारा दिवा हातात धरून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. निघण्याआधी ज्या जागेसाठी वस्तू हवी आहे त्या जागेचं माप फोनमध्ये लिहून ठेवा.

समुद्राच्या पिशवीत: टोपी, लांब बाह्यांचा पातळ सुती शर्ट, सनस्क्रीन, पिण्याचं पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट, पाय धुवायला आणखी एक बाटली, फोनसाठी चेनची प्लास्टिकची पिशवी, टॉवेल, कोरडे कपडे, बेबी पावडरचा छोटा डबा, चिकटपट्ट्या आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. वाळूत फिरताना पट्ट्याच्या सँडल हव्यात. शहरातल्या किनाऱ्यावर काचा असतात, आणि दुपारची कोरडी वाळू तळपाय भाजून काढते.

बाजारात: पहिली फेरी हात मागे बांधून

बाजार उघडल्यावर पहिल्या तासाभरात पोहोचा. गर्दी नसते, कारागीर माल मांडत असतो आणि हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो. पहिली फेरी काहीही न घेता मारायची. हे अवघड जातं, कबूल. पण दहा दुकानं पाहिली की लक्षात येतं, तीच ‘हाताने केलेली’ मूर्ती चार ठिकाणी आहे, चारही ठिकाणी नाकावर तोच टवका उडालेला.

दुसऱ्या फेरीत किमतीने सुरुवात करू नका. ‘हे कसं केलंत?’ हा प्रश्न आधी. ज्याने वस्तू घडवली आहे तो लगेच हातवारे करून सांगू लागतो, मध्येच काय बिघडतं तेही सांगतो. नुसता विक्रेता असेल तर ‘सगळं हँडमेड आहे ताई’ यापुढे गाडी जात नाही. विक्रेता असण्यात गैर काही नाही, पण मग वस्तू तुम्हालाच पारखून घ्यावी लागते.

*कापड.* ठशांची छपाई म्हणून जे विकतात त्यातलं बरंच यंत्रावर छापलेलं असतं. ओळखायची माझी पद्धत अशी: कापडावर एखादी चूक शोधायची. फुलाच्या पाकळीबाहेर गेलेला रंग, किंचित सरकलेली रेघ, दोन ठशांच्या सांध्यावरची गडद पट्टी. मग नक्षी जिथे पुन्हा सुरू होते तिथे तीच जागा बघायची. चूक तिथेही हुबेहूब तशीच, पुढेही तशीच असेल, तर ती चूकसुद्धा छापलेली आहे. हाताने ठसा मारणाऱ्याचा हात दर वेळी थोडा वेगळा चुकतो. एकच सूट द्यायची: लाकडी ठशालाच टवका असेल तर तो टवका सगळीकडे उमटणार. म्हणून एका खुणेवर निकाल न देता दोन-तीन बघा. कापड उलटंही करा. ठशाचा रंग बहुधा मागेही बऱ्यापैकी उतरतो, वरवरच्या छपाईत मागची बाजू फिकट राहते.

इकत असेल तर ती परीक्षा आणखी सोपी. त्यात सूत विणण्याआधीच बांधून रंगवलेलं असतं, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि तिच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या किंचित विसकटलेल्या असतात. कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ आणि मागची बाजू पांढुरकी असेल, तर ती इकताची छपाई आहे. स्वस्त मिळत असेल तर जरूर घ्या, पण इकत म्हणून पैसे देऊ नका.

निळीच्या कापडावर मात्र जरा थांबायला हवं. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येतं तेव्हा ते निळं नसतंच, हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत कडेकडेने निळं होत जातं, कारण पिंपातली विरघळलेली नीळ प्राणवायूशी संयोग पावून पुन्हा न विरघळणारी होते. कुणी प्रात्यक्षिक दाखवत असेल तर बाकी सगळं सोडून ते बघा. मी दोन वेळा पाहिलंय आणि दोन्ही वेळा पहिल्या निळ्या रेघेला तोंडातून ‘अगं बाई’ निघालं. हे न विरघळणारे कण धाग्यात अडकून बसलेले असतात, म्हणून नवं निळीचं कापड घासलं की थोडा रंग हाताला लागतोच. तो दोष नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून बघायचा: हलकी निळसर छटा आली तर ठीक, रुमाल गडद निळा झाला तर जास्तीची नीळ नीट धुतलेली नाही. चोळण्याआधी दुकानदाराला विचारायचं, हे सांगायला नको.

*मातीची भांडी.* भांडं तळहातावर ठेवा आणि बोटाच्या मागच्या बाजूने हलकी टिचकी मारा. अखंड भांडं खणखणतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. आतून बोट फिरवा. चाकावरच्या भांड्यात बोटांच्या गोल गोल लहरी जाणवतात. साच्यातल्या भांड्यावर बहुधा एक उभी शिवण असते, ती घासून पुसली तरी कडेला सापडते. मग भांडं पालथं करा. तळाला जिथे झिलई (काचेसारखा चकचकीत लेप) नसते तिथे खरी माती दिसते. साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली लाल माती पाणी पिते. १२०० अंशांच्या पुढे भाजलेलं दगडी भांडं जवळजवळ पीत नाही. रोज पाण्यात पडणार असेल तर दुसरं, कोरडा फुलोरा ठेवायचा असेल तर पहिलं.

यात एक गोष्ट गंभीर आहे. झिलई केलेल्या भांड्यात खायचं-प्यायचं असेल, तर ‘यात शिसं आहे का, हे खाण्यासाठी आहे का’ असं स्पष्ट विचारा. शिशाची झिलई आंबट पदार्थात उतरू शकते. उत्तर गुळमुळीत आलं तर भांडं आवडलं तरी ते शोभेलाच ठेवा.

*धातू.* इथे चुंबक कामाला येतं. पितळ, तांबं, चांदी यांतलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. ‘भरीव पितळ’ म्हणून दिलेला हत्ती चिकटला तर आत लोखंड आहे, वर मुलामा. चांदीवर ९२५ हा आकडा म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. पण आकडा कुणीही ठोकू शकतो, तेव्हा मोठी खरेदी असेल तर बिल घ्या. मेणाची प्रतिमा घडवून तिच्यावरून ओतलेल्या मूर्ती दिसल्या तर दोन सारख्या मूर्ती शेजारी ठेवून बघा. या पद्धतीत मेणाची प्रतिमा वितळून जाते आणि मातीचा साचा फोडावा लागतो, त्यामुळे प्रत्येक नग वेगळा. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तकी, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची, याच पद्धतीने ओतलेली आहे. दोन मूर्ती तंतोतंत जुळल्या, कडेने जोडरेघही दिसली, तर तो दोन तुकड्यांचा साचा.

*लाकूड आणि वेत* पटकन बघून होतात: बारीक भोकं आणि त्यांखाली ताजी भुकटी दिसली तर आत कीड आहे, वस्तू कितीही सुंदर असो. टोपली चारही बाजूंनी दाबून सपाट जमिनीवर ठेवा. डगमगली तर परत.

*शिंपले, प्रवाळ, कासवाची पाठ.* किनाऱ्याजवळच्या बाजारात हे हमखास मांडलेलं असतं. समुद्री कासवाच्या पाठीच्या वस्तू, हस्तिदंत आणि प्रवाळाचे काही प्रकार ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात (करार १९७३चा, लागू १९७५पासून). अशी वस्तू सीमेपलीकडे नेताना नुसती जप्त होऊन भागेल असं नाही, तुमच्यावर कारवाईही होऊ शकते. मी तर अशा दुकानापुढून सरळ पुढे जाते.

भाव करताना

घासाघीस करावी की नाही यावर घरोघरी भांडणं होतात. माझं मत सांगते. व्यापाऱ्याशी करा, करणाऱ्याशी जपून. विचारा, ‘याला किती दिवस लागले?’ उत्तराने किमतीला भागा. दिवसाची मजुरी काय पडते ते स्वतःलाच दिसतं आणि बहुतेक वेळा तोंड आपोआप बंद होतं. कमी करून हवंच असेल तर दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन विचारा, किंवा बारीक दोष असलेला नग मागा. कारागीर तो बहुधा टेबलाखालून काढून आनंदाने स्वस्तात देतो. माझ्या स्वयंपाकघरातला सगळ्यात लाडका सट तसाच आलाय, कान जरा तिरका आहे.

नक्षीचे जवळून फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. कित्येकांची नक्षी फोटोवरूनच दुसरीकडे छापली गेली आहे, त्यामुळे ‘नको’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. आणि निघताना कारागिराचं कार्ड मागून घ्या. झाकण फुटलं तर जोडीचं दुसरं तोच करून देईल.

मधला तास

बाजार आधी केला असेल तर खरेदी वाळूवर न्यायची नाही. घरी, मुक्कामाच्या खोलीवर, सामानगृहात, काहीही करा. गाडीत ठेवणार असाल तर उन्हात तापलेल्या गाडीत मेणबत्त्या, लाख आणि गोंदाने चिकटवलेल्या वस्तू ठेवू नका. मातीचं भांडं बांधताना पोकळी आधी कागदाच्या बोळ्यांनी भरायची, मग बाहेरून पंचा. झाकण वेगळं गुंडाळायचं. दोन भांडी एकमेकांत बसवली आणि मध्ये कागद नसेल तर ती घरी पोहोचेपर्यंत एकमेकांना फोडतात.

किनाऱ्यावर: पहिली दहा मिनिटं नुसतं बघा

टॉवेल अंथरण्याआधी तीन गोष्टी शोधा. एक, ओल्या वाळूवरची कचऱ्याची आणि शेवाळाची वरची ओळ: मागची भरती तिथवर आली होती. सामान त्या ओळीच्या बरंच वर. दोन, नाल्याचं तोंड. शहराचं पाणी तिथून येतं, म्हणून तिथून लांब बसा. जोराचा पाऊस पडून गेला असेल तर दोन-तीन दिवस पाण्यातच उतरू नका, आणि पायाला जखम असेल तर एरवीही नको. तीन, झेंडे आणि जीवरक्षकाची जागा. अनेक देशांत चालणारी पद्धत अशी: वर लाल खाली पिवळा झेंडा म्हणजे तिथे जीवरक्षक आहे, अशा दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात जायचं. नुसता पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी, जांभळा म्हणजे दंश करणारे समुद्री जीव. तरी तिथला फलक वाचाच.

मग लाटांकडे बघा. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद, फेस आत आत जातोय असा दिसला, तर ती पोहायला सुरक्षित जागा नव्हे. तोच रिप करंट. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या फटीतून परत जात असतं. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण सेकंदाला दोन मीटरच्या पुढेही मोजला गेला आहे, म्हणजे ऑलिम्पिकचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकणार नाही. ओहोटीच्या सुमारास हे प्रवाह पुष्कळदा जास्त जोर धरतात. म्हणून मघाशी सांगितलेली ओहोटीची वेळ चालण्याची, पोहण्याची नव्हे. सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. तरंगा, हात वर करून मदत मागा आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. प्रवाहाचा पट्टा अरुंद असतो. दुसरं कुणी सापडलं तर रिकाम्या हाताने उडी न मारता तरंगणारं काहीतरी फेका आणि जीवरक्षकाला हाक द्या.

उन्हाचं म्हणाल तर छत्रीखाली बसून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार कोरडी वाळू अतिनील किरणं सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परावर्तित करतो. सनस्क्रीन ३० एसपीएफच्या वरचं, निघण्याआधी लावलेलं आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून आल्यावर पुन्हा. कपडे त्याहून भरवशाचे. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, तेव्हा छत्री वाऱ्याच्या दिशेला झुकवून खोल रोवा; सरळ उभी छत्री उडून शेजारच्याच्या अंगावर जाते.

मुलं असतील तर प्रत्येकाच्या मनगटावर फोन नंबर बॉलपेनने लिहा आणि ‘हरवलास तर या खांबापाशी’ अशी जागा ठरवा. पाण्यात लहान मूल हाताच्या अंतरावरच हवं. खड्डा खणायचा तर सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याएवढाच. वाळूची भिंत आवाज न करता कोसळते. निघताना खड्डा बुजवा. किल्ला करताना भाची दर वेळी चिखल करते. तिला आता प्रमाण पाठ आहे: आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी.

शिंपला उचललात तर आत कुणी आहे का बघा. असेल तर जिथला तिथे, त्याच बाजूने. जेलीफिश वाळूवर मेलेली दिसली तरी हात लावू नका, दंश करणाऱ्या पेशी तिच्या मरणानंतरही काम करतात. डंख झालाच तर वाळूने चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही; समुद्राच्याच पाण्याने धुऊन, धागे चिमट्याने काढून, सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या वर नको) वीस मिनिटं भाग बुडवून ठेवायचा. श्वास लागला, अंग सुजलं तर थेट दवाखाना.

निघताना ओल्या पायांची वाळू पुसत बसू नका. पाय सुकू द्या, वर पावडर भुरभुरवा, आणि कोरड्या टॉवेलने झटका. वाळू सगळी झडते.

घरी आल्यावर

खाऱ्या हातांनी खरेदी उघडायची नाही. मिठाने चांदी-पितळ काळवंडतं आणि चामड्यावर डाग पडतात. हात धुऊन, पुसून, मगच. निळीचं कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळं, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. टोपल्या दोन दिवस हवेशीर जागी ठेवा.

आणि चुकून मातीचं भांडं समुद्राच्या पाण्यात भिजलंच, तर. माझे वाडगे मी फक्त पुसून ठेवले होते. आठवड्याने त्यांच्यावर पांढरी लव उगवली, मला वाटलं बुरशी. जिभेला लावून पाहिलं तर खारट. माती पाण्याबरोबर मीठही प्यायली होती, आणि पाणी उडून जाताना ते मीठ पृष्ठभागावर स्फटिक होऊन बाहेर पडत होतं. पुसलं की चार दिवसांनी पुन्हा. एका वाडग्याचे तर पापुद्रे निघू लागले, कारण आतले स्फटिक वाढताना मातीला ढकलतात. उपाय साधा आहे, फक्त चिकाटीचा: भांडं स्वच्छ गोड्या पाण्यात पूर्ण बुडवायचं, रोज पाणी बदलायचं, आठ-दहा दिवसांनी बाहेर काढून सावलीत सुकवायचं. लव परत आली तर पुन्हा बुडवायचं. एक वाडगा तिसऱ्या खेपेला कोरा झाला. पापुद्रे निघालेल्या वाडग्यात मी आता किनाऱ्यावरून आणलेले रिकामे शिंपले ठेवते. त्याच्या कडेला अजून पावसाळ्यात थोडी पांढरी लव येते.